वर्ग आणि कार्यशाळा : खानदेशातल्या माध्यमिक शिक्षणाच्या एका जुन्या प्रश्नाचा आढावा

दहावीचा निकाल लागला की खानदेशात मुलांची वाटणी होते. भरपूर गुण मिळालेला सायन्सला जातो, मधला कॉमर्सला किंवा आर्ट्सला, आणि ज्याची गुणपत्रिका पाहून घरचे गप्प होतात तो आयटीआयला नाहीतर बारावीच्या व्यवसाय अभ्यासक्रमाला. ही वाटणी कुठल्याही शासन निर्णयात लिहिलेली नाही, पण रावेरपासून साक्रीपर्यंत ती सगळ्यांना पाठ आहे. हाताचे काम कोणी शिकायचे हे मुलाच्या आवडीवरून ठरत नाही. ते त्याच्या टक्क्यांवरून ठरते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ही भिंत पाडण्याचे वचन दिले. पुस्तकी आणि व्यावसायिक शिक्षणात कडक विभागणी राहणार नाही, सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकता येईल, आणि २०२५ पर्यंत शाळा-महाविद्यालयांतल्या किमान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख होईल, असे त्यात म्हटले होते. ती मुदत आता सरली आहे. म्हणून या प्रश्नाकडे मागून पुढे असे एकदा सलग पाहायला हवे. आजवर काय काय करून पाहिले, त्यातले काय टिकले, काय का टिकले नाही, आणि जळगाव-धुळ्यासारख्या जिल्ह्यांत यापुढे काय करता येईल?

माझे म्हणणे आधीच सांगतो. महाराष्ट्राला पुस्तक आणि काम यांचा मेळ घालण्याचे वेगवेगळे मार्ग माहीत आहेत आणि प्रत्येक मार्गाने एक तरी गोष्ट बरोबर केली आहे. एकाने पुढच्या शिक्षणाचे दार उघडे ठेवले, एकाने कामाला पुरेसा वेळ दिला, एकाने काम आणि पुस्तक एकाच तासात आणले. या तिन्ही गोष्टी एकाच मुलाच्या वाट्याला मात्र क्वचितच आल्या. त्या एकत्र आणणे हेच खरे काम आहे.

जुनी मागणी

हा विचार नवा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी सांगितले होते की शाळेत शिकवले जाणारे ज्ञान रयतेच्या रोजच्या जगण्यात उपयोगी पडत नाही. वाचन, मोडी, हिशेब यांच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे हवेत, अशी त्यांची मागणी होती. त्याच आयोगाने हायस्कूलच्या वरच्या वर्गांत दोन शाखा सुचवल्या. एक विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेकडे नेणारी, दुसरी व्यापार आणि इतर व्यवहारी कामांकडे. दुसऱ्या शाखेकडे फारसे कोणी गेले नाही, कारण प्रतिष्ठा आणि सरकारी नोकरी पहिल्या शाखेच्या टोकाला होती. आजची दहावीनंतरची वाटणी पाहिली तर त्या निर्णयाची सावली अजून पडलेली दिसते.

खानदेशचा या कथेतला वाटा मोठा आहे. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. धनाजी नाना चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते उभे केले, सजावट नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावातल्या साहित्यातून केली, आणि खादी-ग्रामोद्योगाचे प्रदर्शन हा त्याचा महत्त्वाचा भाग होता. ग्रामीण कारागिरीला राष्ट्रीय व्यासपीठावर मान मिळाला. त्यानंतर वर्षही झाले नाही तोच, ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने नई तालीमची योजना आखली. एखादा उत्पादक उद्योग केंद्रस्थानी ठेवायचा आणि गणित, भूगोल, विज्ञान त्याच्या अनुषंगाने शिकवायचे, हा तिचा गाभा होता.

महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या कितीतरी जुन्या शाळांच्या पाटीवर आजही ‘जीवन शिक्षण विद्यामंदिर’ असे लिहिलेले दिसते. ते त्याच काळाचे देणे. टकळी आणि सूतकताई आली, पण कताईतून गणित कसे शिकवायचे हे शिक्षकांना नीट शिकवले गेले नाही. काम एका बाजूला राहिले, धडा दुसऱ्या बाजूला. हळूहळू टकळी गेली आणि पाटी राहिली.

स्वातंत्र्यानंतर मुदलियार आयोगाने (१९५२-५३) बहुउद्देशीय शाळांची कल्पना मांडली. कोठारी आयोगाने (१९६४-६६), ज्याचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक होते, दहावीपर्यंत सर्वांना कार्यानुभव आणि त्यानंतर व्यवसाय शिक्षणाचा भक्कम प्रवाह सुचवला. दहावीनंतरची निम्मी मुले व्यावसायिक अभ्यासक्रमांत असावीत, असे त्यांचे उद्दिष्ट होते. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने कार्यानुभवाला समाजोपयोगी उत्पादक कार्याचे रूप दिले. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने उद्दिष्ट खाली आणले : उच्च माध्यमिकच्या १० टक्के मुलांना १९९० पर्यंत आणि २५ टक्के मुलांना १९९५ पर्यंत व्यवसाय शिक्षण. १९९२ च्या कृती आराखड्यात या मुदती आणखी पाच वर्षे पुढे गेल्या. ते उद्दिष्टही गाठता आले नाही. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या अंदाजानुसार १९ ते २४ वयोगटातल्या भारतीय कामगारांपैकी औपचारिक व्यवसाय शिक्षण घेतलेले पाच टक्क्यांहून कमी होते. जर्मनीत हेच प्रमाण ७५ टक्के आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के सांगितले गेले.

महाराष्ट्राने चाललेल्या वाटा

पहिली वाट तांत्रिक शाळांची. आठवी ते दहावीची मुले आपल्या हायस्कूलमध्ये नेहमीचे विषय शिकत आणि आठवड्यातले काही तास तंत्रशाळेच्या केंद्रात जाऊन सुतारकाम, फिटिंग, वायरिंग आणि अभियांत्रिकी चित्रकला शिकत. एका केंद्रावर गावातल्या अनेक शाळांची सोय होई, त्यामुळे महागडी यंत्रे प्रत्येक शाळेला घ्यावी लागत नसत. या रचनेतून गेलेली बरीच मुले पुढे पॉलिटेक्निकला आणि कारखान्यांत गेली. मापन, आरेखन आणि हत्यारांची ओळख त्यांना लहान वयात झाली. मात्र ही सोय शहरे आणि तालुक्याच्या ठिकाणांपुरतीच राहिली.

दुसरी वाट द्विलक्षी अभ्यासक्रमांची. महाराष्ट्राने १९७८-७९ च्या सुमारास हे सुरू केले आणि आपल्या विषयातला हा सर्वांत विचार करण्याजोगा प्रयोग आहे. अकरावी-बारावीचा विद्यार्थी आपली शाखा सोडत नाही. तो दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय यांच्या जागी २०० गुणांचा एक व्यावसायिक विषय घेतो. विज्ञान शाखेला इलेक्ट्रॉनिक्स, संगणकशास्त्र, विद्युत देखभाल, यांत्रिक देखभाल, स्कूटर-मोटारसायकल दुरुस्ती, क्रॉप सायन्स, दुग्धव्यवसाय, मत्स्यसंवर्धन. वाणिज्य शाखेला बँकिंग, कार्यालय व्यवस्थापन, विक्रीकला. महत्त्वाचे म्हणजे पुढचे दार उघडे राहते. अभियांत्रिकी पदवीच्या प्रवेशासाठी भौतिकशास्त्र आणि गणित यांच्या जोडीला रसायनशास्त्राऐवजी तांत्रिक व्यावसायिक विषयही चालतो. म्हणूनच हुशार समजली जाणारी मुले द्विलक्षीसाठी रांग लावतात. व्यवसाय शिक्षणाची जागा इथे गुणवत्तेच्या यादीवर भरते.

पण याच यशात त्याची मर्यादा दडलेली आहे. मुले येतात ती बरेचदा गुणांसाठी. प्रात्यक्षिकाचे गुण चांगले मिळतात, भाषेचा पेपर टळतो. कामाशी नाते जडेलच असे नाही. इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी दोन वर्षे जर्नल पूर्ण करतो, पण बंद पडलेला पंप-स्टार्टर उघडून पाहण्याची वेळ त्याच्यावर येत नाही. सीईटी, जेईई, नीटच्या तयारीने कनिष्ठ महाविद्यालयांची हजेरी पातळ केली तेव्हा सर्वांत आधी कार्यशाळेचे तास रिकामे पडले. शेतीशी जोडलेले विषय मागे पडले आणि संगणकशास्त्र पुढे गेले. केळी-कापसाच्या प्रदेशात क्रॉप सायन्सपेक्षा संगणकाची मागणी मोठी असावी, यातून मुलांची आकांक्षा कुठे बघते ते कळते.

तिसरी वाट एमसीव्हीसीची, म्हणजे किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रमांची. १९८८-८९ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासक्रमात इंग्रजी, मराठी आणि पायाभूत अभ्यासक्रम यांना थोडा वेळ, आणि उरलेला मोठा वेळ एकाच व्यवसायाच्या तीन पेपरांना व प्रात्यक्षिकांना होता. प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी प्रशिक्षणही ठरवले होते. त्याआधीच, १९८६ मध्ये, शिकाऊ उमेदवारी कायद्यात दुरुस्ती होऊन बारावी व्यवसाय शाखेच्या मुलांसाठी तंत्रज्ञ (व्यावसायिक) हा वेगळा गट तयार झाला होता. तांत्रिक गटातल्या मुलांना पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू लागला. कामाच्या बाजूने पाहिले तर द्विलक्षीपेक्षा इथे खूप काही होते.

उणीव पुस्तकी बाजूला राहिली. गणित आणि विज्ञान यांचा पाया पातळ, त्यामुळे पदवीच्या बहुतेक वाटा बंद. दुसरीकडे, रेल्वे किंवा आयुध निर्माणीसारख्या ठिकाणी भरती निघाली की तिथे आयटीआयचे राष्ट्रीय प्रमाणपत्र मागितले जाई. एमसीव्हीसीचा मुलगा बारावी पास होता, पण बारावीवाल्यांत कमी आणि कारागिरांतही कमी ठरे. कमी गुणांच्या मुलांना पाठवण्याची जागा, अशी त्या अभ्यासक्रमाची ओळख झाली. ती एकदा झाल्यावर चांगला शिक्षकसुद्धा ती पुसू शकत नाही.

चौथी वाट सध्याची. २०१३ च्या अखेरीस राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा अधिसूचित झाला आणि त्यानुसार राज्यातल्या निवडक शाळांत नववीपासून व्यवसाय विषय सुरू झाले : वाहन दुरुस्ती, आरोग्य सेवा, किरकोळ विक्री, पर्यटन, सौंदर्य व निगा, शेती, बहुकौशल्य. हे अभ्यासक्रम सामान्य शाळेच्याच इमारतीत, सामान्य मुलांसाठी आहेत आणि नववी ते बारावी अशी चार वर्षांची पायरी आहे, ही त्यांची जमेची बाजू. पण बहुतेक ठिकाणी हा सात-आठ विषयांतला एक विषय आहे. शिकवणारे प्रशिक्षक बाहेरच्या संस्थेमार्फत कंत्राटावर येतात आणि पुढच्या वर्षी तेच असतील याची खात्री नसते. शाळेच्या शिक्षकवृंदात त्यांना जागा नाही. विज्ञानाचे सर आणि व्यवसायाचे प्रशिक्षक एकत्र बसून एखाद्या धड्याचे नियोजन करतील, अशी रचनाच नाही.

पाबळचा धडा

या चारही वाटांपेक्षा वेगळा प्रयत्न पुणे जिल्ह्यातल्या पाबळला झाला. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट केली होती आणि हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधनाचे काम केले होते. ते सगळे मागे ठेवून १९८३ मध्ये त्यांनी दुष्काळी पाबळमध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांची मांडणी सरळ होती. मुले काम करत करत शिकतात, म्हणून आठवड्यातला एक दिवस कामाला द्यायचा. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य आणि शेती-पशुपालन अशा चार विभागांतले काम प्रत्येक मुलाने करायचे, मुलगी असो वा मुलगा. काम खोटे असायचे नाही. मुलांनी वेल्डिंग केलेली बाके शाळेत वापरायची, गावाला माती परीक्षण करून द्यायचे, आणि त्याचा खर्चाचा हिशेब मुलांनीच लिहायचा.

राज्याच्या माध्यमिक मंडळाने आठवी ते दहावीसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञान’ या नावाने हा विषय मान्य केला आणि पुढे शंभराहून अधिक शाळांत तो पोहोचला. आजच्या बहुकौशल्य अभ्यासक्रमाचे मूळ इथेच आहे. पाबळने दाखवून दिले की व्यवसाय शिक्षण म्हणजे पंधराव्या वर्षी एका धंद्याला जुंपणे नाही. चार प्रकारचे काम करून पाहिलेला मुलगा पुढे डॉक्टर झाला तरी त्याचे शिक्षण वाया जात नाही. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने व्यवसाय शिक्षणाची जी विभागणी केली आहे, म्हणजे सजीवांबरोबरचे काम, यंत्रे व साहित्याबरोबरचे काम आणि माणसांच्या सेवेचे काम, तिचे पाबळच्या मांडणीशी जवळचे नाते दिसते.

खानदेशात शिकण्यासारखे काय आहे

इथे आपल्या भागाकडे वळू. २०११ च्या जनगणनेनुसार जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२ लाखांवर आणि धुळ्याची २० लाखांवर होती. धुळ्यात जवळजवळ एक तृतीयांश लोक आदिवासी आहेत. या दोन जिल्ह्यांतले कामधंदे पाहिले तर माध्यमिक शाळेला यापेक्षा श्रीमंत प्रयोगशाळा मिळणार नाही. रावेर-यावल-चोपड्याची केळी, जिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जळगावच्या डाळ मिल, चटई आणि पाइप उद्योग. भवरलाल जैन यांनी उभा केलेला ठिबक सिंचनाचा आणि उतिसंवर्धित रोपांचा उद्योग. भुसावळचे रेल्वे जंक्शन आणि तिथल्या कार्यशाळा, दीपनगरचे औष्णिक केंद्र, वरणगावची आयुध निर्माणी. गावोगावचे जिनिंग-प्रेसिंग. शिरपूरची सूतगिरणी, दोंडाईच्याची मिरची बाजारपेठ, साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावरच्या पवनचक्क्या आणि शिवाजीनगरचा सौर प्रकल्प. आणि अमळनेर, जिथे डिसेंबर १९४५ मध्ये वनस्पती तूप बनवणारी एक कंपनी सुरू झाली आणि पुढे विप्रो या नावाने जगभर गेली. त्याच अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजींनी १९२४ ते १९३० या काळात शिकवले.

हे सगळे मुलांच्या डोळ्यांसमोर आहे आणि पुस्तकात मात्र नाही. मेळ घालणे म्हणजे काय, हे एका उदाहरणाने सांगतो. यावलच्या नववीच्या वर्गाला सर विचारू शकतात : पाच बाय पाच फुटांवर केळी लावली तर एकरात किती झाडे बसतील? एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, झाडाला २५ चौरस फूट, म्हणजे सुमारे १,७४२ झाडे. प्रत्येक झाडाला ताशी चार लिटरचा एक ड्रिपर लावला तर ताशी जवळजवळ ७,००० लिटर पाणी. आपल्या विहिरीवरचा पंप तेवढे देईल का? लॅटरल नळीच्या टोकाला दाब का कमी पडतो? झाडाला २०० ग्रॅम नत्र द्यायचे आणि युरियात ४६ टक्के नत्र असते, तर युरिया किती? सुमारे ४३५ ग्रॅम. तो एकदम का टाकायचा नाही, विद्राव्यता म्हणजे काय, व्हेंचुरीतून खत आपोआप कसे ओढले जाते? क्षेत्रफळ, टक्केवारी, दाब, द्रावणे हे सगळे नववी-दहावीचेच विषय आहेत. नवा पेपर लागत नाही, जास्तीचा वेळही फारसा लागत नाही. लागते ती शाळेजवळची एक गुंठा जागा आणि दोन शिक्षकांची तयारी.

कापसाचेही तसेच. रुईची गाठ १७० किलोची. कापसात रुईचा उतारा ३४ टक्के धरला तर एका गाठीला पाच क्विंटल कापूस लागतो. उरलेल्या सरकीचे काय होते, तेल किती, पेंड किती, भाव कोण ठरवतो? गणितापासून अर्थशास्त्रापर्यंतचा धडा इथे एका जिनिंगच्या भेटीत उभा राहतो. साक्रीच्या मुलाला पवनचक्कीच्या पायथ्याशी उभे राहून जनित्र समजू शकते. आपल्या गावच्या माळावर फिरणाऱ्या पात्यांची देखभाल करणारा तंत्रज्ञ बाहेरून येतो आणि गावातला मुलगा उधना-लिंबायतच्या खोलीत राहून सुरतेच्या यंत्रमागावर काम करतो, ही खानदेशची वेदना आहे. शाळेला यात काही करता येते, एवढेच माझे म्हणणे आहे.

जगाचा अनुभव काय सांगतो

या प्रश्नावर जगभर अभ्यास झाले आहेत आणि ते एका सुरात बोलत नाहीत. १९६५ मध्ये फिलिप फॉस्टर यांनी घानाच्या अनुभवावरून दाखवले की व्यवसाय शाळा काढल्या म्हणून मुले त्या धंद्यात जात नाहीत. पगार आणि मान कार्यालयातल्या नोकरीला जास्त असेल तर मुले आणि पालक शहाणपणानेच पुस्तकी शिक्षण निवडतात. दोष मुलांच्या मनोवृत्तीचा नसतो, बाजाराचा असतो. १९८५ मध्ये साकारोपुलोस आणि लॉक्सली यांनी कोलंबिया व टांझानियातल्या बहुउद्देशीय शाळा तपासल्या. खर्च जास्त आणि कमाईत फरक फारसा नाही, असे त्यांना आढळले. त्यामुळे केवळ विषय वाढवून उपयोग नाही, हे स्पष्ट झाले.

हानुशेक आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा अकरा देशांचा अभ्यास आणखी एक इशारा देतो. व्यवसाय शिक्षण घेतलेल्यांना तरुणपणी काम लवकर मिळते, पण वय वाढते आणि तंत्र बदलते तसा तो फायदा कमी होत जातो. पाया कच्चा असेल तर नवे तंत्र शिकणे जड जाते. ज्याला कार्ब्युरेटरच काय तो येतो, त्याला विजेवर चालणारी गाडी समोर आल्यावर विद्युतशास्त्राचा आधार लागतो.

दुसऱ्या बाजूला अमेरिकेतल्या ‘करिअर अकॅडमी’चा पुरावा आहे. मोठ्या शाळेच्या आत एक छोटा गट, एका उद्योगाभोवती गुंफलेले नेहमीचे विषय, आणि स्थानिक मालकांकडे काम. प्रवेश सोडतीने दिल्यामुळे तुलना चोख झाली. शाळा संपल्यानंतरच्या आठ वर्षांत या मुलांची कमाई सरासरीने सुमारे ११ टक्के जास्त राहिली, आणि वाचन-गणिताची पातळी घसरली नाही. म्हणजे पुस्तक आणि काम एकमेकांत गुंफले तर पुस्तकाचे नुकसान होत नाही. फिनलंडमध्ये व्यवसाय शाखेतून आलेल्यालाही विद्यापीठाचे दार कायद्याने खुले आहे, आणि तिथे ती शाखा मोठ्या संख्येने मुले निवडतात.

पालकांची शंका खरी आहे

आमच्या पोराने औतच धरायचे तर त्याला शाळेत कशाला घालायचे, असे सालदाराच्या घरात विचारले जाते. हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. त्याच्यामागे इतिहास आहे. १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस घरचा धंदा अशी योजना आणली. जातीचा धंदा मुलांच्या गळ्यात कायमचा बांधणारी योजना म्हणून तिला प्रचंड विरोध झाला आणि पुढच्याच वर्षी ती मागे घ्यावी लागली. सातपुड्याच्या पायथ्याच्या आश्रमशाळेत पावरा, भिल्ल, तडवी मुलांना बांबूकाम आणि शहरातल्या इंग्रजी शाळेत रोबोटिक्स, अशी विभागणी झाली तर तीही त्याच चुकीची नवी आवृत्ती ठरेल. मुलींना शिवण-सौंदर्य आणि मुलांना मोटार दुरुस्ती हीसुद्धा त्याच जातीची विभागणी आहे. म्हणून कोणत्या शाळेत कोणते काम शिकवले जाते एवढेच नाही, तर कोणाला कोणते काम निवडू दिले जाते, हेही तपासले पाहिजे.

दुसरी शंका पायाभूत शिक्षणाची. आठवीतल्या मुलाला भागाकार जड जात असेल तर त्याला वेल्डिंग शिकवून काय साधणार? याचे उत्तर पाबळने दिले आहे. ज्याला फळ्यावरचा भागाकार कळत नाही त्याला मजुरीच्या हिशेबातला कळतो, आणि तिथून फळ्याकडे परत येता येते. अट एकच, परत आणणारा शिक्षक हवा.

आता काय करता येईल

पहिली गोष्ट, नववी-दहावीत कामाचा विषय सर्वांना सारखा हवा. आठवड्यातून एक दिवस, चार प्रकारची कामे, ९५ टक्केवाल्यालाही आणि ४५ टक्केवाल्यालाही. त्याचे गुण ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’मधून सोडून देता येणार नाहीत अशी मांडणी हवी. जोवर हा विषय काहींनाच घ्यावा लागतो, तोवर तो कमीपणाची खूण राहणार.

दुसरी गोष्ट, अकरावी-बारावीत द्विलक्षीचा सांगाडा वाचवायला हवा आणि त्याला नवे विषय द्यायला हवेत : सौर व पवन ऊर्जेची देखभाल, सूक्ष्म सिंचन, केळीची काढणीपश्चात हाताळणी व शीतसाखळी, डाळ व तेल प्रक्रिया. २०० गुणांपैकी मोठा भाग शाळेबाहेरच्या खऱ्या कामावर असावा. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने पुस्तकी आणि व्यावसायिक तासांना सारखे वजन दिले आहे, वर्षाला १,२०० तासांचे ४० श्रेयांक. कागदावर सोय झाली आहे. आता विद्यापीठांनी प्रवेशाच्या वेळी ते श्रेयांक मोजले पाहिजेत. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचे कार्यक्षेत्रच जळगाव, धुळे, नंदुरबार आहे. सुरुवात तिथून व्हावी.

तिसरी गोष्ट साधनांची. प्रत्येक शाळेला कार्यशाळा बांधून देणे परवडणार नाही आणि त्याची गरजही नाही. तालुक्याच्या आयटीआय, पॉलिटेक्निक, धुळ्याचे कृषी महाविद्यालय, ममुराबाद आणि पालची कृषी विज्ञान केंद्रे यांचा उपयोग शाळांनी वाटून घ्यावा. जुन्या तंत्रशाळांची केंद्र पद्धत नेमकी हीच होती.

चौथी गोष्ट माणसांची, आणि ती सर्वांत अवघड. व्यवसाय शिक्षकाला कायम पद, शाळेच्या शिक्षक सभेत जागा आणि विज्ञान-गणिताच्या शिक्षकांबरोबर आठवड्याला एक नियोजनाचा तास मिळाला पाहिजे. गावातला अनुभवी मिस्त्री, केळी बागायतदार, जिनिंगमधला फोरमन यांना मानधनावर शिकवायला बोलावता आले पाहिजे. अनुदानाचे नियम त्याआड येत असतील तर नियम बदलावेत.

पाचवी गोष्ट हिशेबाची. कुठल्याही शाळेने आपल्या मुलांचे बारावीनंतर दोन वर्षांनी आणि पाच वर्षांनी काय झाले याची नोंद ठेवलेली नसते. नोंदीशिवाय पुढची योजनाही अंदाजानेच आखली जाईल. जिल्हा शिक्षण विभागाने प्रत्येक तालुक्यातल्या चार-पाच शाळांपासून ही नोंद सुरू करावी आणि ती दरवर्षी लोकांपुढे ठेवावी.

आजवरच्या सगळ्या योजना एकाच ठिकाणी अडखळल्या. उद्दिष्टे टक्क्यांत मांडली गेली, किती मुले कुठल्या प्रवाहात पाठवायची याची. प्रवाहच वेगळे ठेवले तर प्रतिष्ठेचा प्रवाह एकच राहतो, हे हंटर आयोगापासून दिसते आहे. म्हणून टक्के मोजणे थांबवून आपण तीन साधे प्रश्न विचारले पाहिजेत. हे काम शिकलेल्या मुलाला पदवीचे दार उघडे आहे का? त्याने शिकलेले काम बाजारात आणि गावात खरोखर चालते का? आणि त्याच्या विज्ञानाच्या धड्यात ते काम दिसते का? या तिन्हींना ‘हो’ म्हणणारी एक शाळा रावेरात, एक शिरपुरात, एक साक्रीत उभी राहिली, आणि तिथे गुणवंत मुलाचे पालकही आपले नाव नोंदवायला आले, तर खानदेशात दहावीनंतरची वाटणी बदलायला सुरुवात झाली असे म्हणता येईल. त्यासाठी नवे धोरण लागत नाही. शाळा, विद्यापीठ आणि जिल्हा प्रशासन यांनी एकत्र बसून ठरवायची ही गोष्ट आहे, आणि ती याच शैक्षणिक वर्षात ठरवता येण्यासारखी आहे.